तुमचं पत्र, माझं पातेलं : स्वस्तातलं बीफ आणि इटालियन रस्सा

मागच्या अंकात मी पेपोसोबद्दल सहज चार ओळी लिहिल्या होत्या, म्हणजे फ्लोरेन्सजवळच्या इम्प्रुनेता गावचा बीफचा रस्सा, ज्यात फक्त मांस, लसूण, काळी मिरी, मीठ आणि रेड वाईन पडते, बाकी काही नाही. त्यावर एवढी पत्रं आली की यावेळचा अख्खा कॉलम मी त्यालाच देतेय. सगळ्यांना उत्तर देता आलं नाही, पण बऱ्याच जणांचा प्रश्न एकच होता त्यामुळे एकात चार जणांचं उत्तर मिळून जाईल.

ताई, मी तुरीनला मास्टर्स करतोय, तिघं रूममेट मिळून स्वयंपाक करतो. तुमचं वाचून सुपरमार्केटमधून मुद्दाम चांगलं महागातलं बीफ आणलं, एकदम लाल, एक रेषसुद्धा चरबी नाही, वीस-बावीस युरो गेले, तीन तास मंद आचेवर ठेवलं आणि शेवटी पुठ्ठा चावल्यासारखं लागलं. काय चुकलं? आणि एवढा खर्च परत परवडणारा नाही. — विद्यार्थी, तुरीन

अरे, तुझं चुकलं ते दुकानात, गॅसवर नाही. आणि ही चूक सगळेच करतात, मी पण केलीय, कारण आपल्या डोक्यात बसलेलं असतं की महाग म्हणजे चांगलं. तू जे आणलंस ते पाठीकडचं असणार, जनावर तो भाग फारसा वापरत नाही म्हणून मऊ, तव्यावर दोन-तीन मिनिटं परतून खायचा. तो तीन तास शिजवला की त्यातलं पाणी सगळं पिळून बाहेर येतं आणि आत उरतात नुसते दोरे.

रश्श्याला लागतं ते जनावराच्या कष्टाच्या अवयवांचं मांस. पोटरी, मान, खांदा, गाल, शेपूट. दिवसभर चालून, रवंथ करून हे स्नायू घट्ट झालेले असतात आणि त्यांच्यामध्ये पांढऱ्या चिवट पडद्यांचं जाळं असतं, त्यात कोलॅजन असतं. हेच कोलॅजन 70 अंशांच्या पुढे हळूहळू विरघळायला लागतं आणि त्याचं जिलेटिन होतं, पण त्याला घाई चालत नाही, तास-दीड तास तर काहीच झाल्यासारखं वाटत नाही, उलट मांस आधी आकसून आणखीनच कडक होतं, आणि इथेच माणसं घाबरून गॅस बंद करतात किंवा मोठा करतात. दोन्ही करू नकोस. अडीच तासांच्या पुढे कधीतरी एकदम ते सैल पडतं. काटा खुपसून नुसता पिळला की तुकडा उलगडतो. आणि रस्सा खाल्ल्यावर ओठ एकमेकांना हलके चिकटतात, पायाचं सूप प्यायल्यावर चिकटतात ना अगदी तसे, तोच तो जिलेटिनचा चिकटपणा, मैदा-कॉर्नफ्लोअर काही न घालता आलेला.

आता दुकानात काय मागायचं ते सांगते. सुपरमार्केटमध्ये जाऊ नकोस, किंवा गेलास तरी पॅकिंगचे कापलेले तुकडे घेऊ नकोस कारण त्यात दोन-तीन ठिकाणचं मांस मिसळलेलं असतं, एक तुकडा मऊ होईपर्यंत दुसऱ्याचा चुरा होतो. माचेल्लेरियात म्हणजे खाटकाकडे जा आणि मुस्कोलो माग. मुस्कोलो म्हणजे पोटरी. अख्खा तुकडा घे आणि घरी स्वतः काप. फिले म्हणजे पाठीकडचा तो महागडा मऊ तुकडा, त्याच्या निम्म्याहून कमी भाव असतो. ती मिळाली नाही तर ग्वांचा म्हणजे गाल, किंवा रेआले म्हणजे मानेजवळचा भाग, किंवा खांद्याचा एक तिकोनी तुकडा असतो त्याला ते लोक चक्क 'पाद्र्याची टोपी' म्हणतात, काप्पेल्लो देल प्रेते, तोही उत्तम. तुझ्या पिएमोंते भागात बारोलो वाईनमधला ब्रझातो, म्हणजे वाईनमध्ये मंद आचेवर शिजवलेलं बीफ, प्रसिद्ध आहे, त्यालाही असंच खांद्याचं मांस घेतात. बारोलो मात्र आणू नकोस, साधी बारबेरा पुरते.

आणि एक, मी सुरुवातीला इथे नवीन असताना खाटकाने मुस्कोलो काढला आणि सुरी घेऊन ते पांढरे चंदेरी पडदे सोलायला लागला, मला वाटलं किती काळजीने साफ करून देतोय. माझ्या शेजारी रांगेत आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी उभ्या होत्या, त्यांनी त्याचा हातच धरला. राहू दे ते, तीच तर चव आहे म्हणाल्या. तेव्हापासून मी पण सांगते, वरची जाड चरबी काढा पण आतल्या रेषांना हात लावू नका. मांस आडवं कापल्यावर लाल रंगात पांढऱ्या नक्षीसारख्या रेषा दिसल्या की समज की बरोबर तुकडा मिळाला.

प्रमाण नीट द्याल का? "थोडी मिरी" म्हणजे किती? आणि जर्मनीत मुस्कोलो कुठून आणू? — श्टुटगार्ट

जर्मनीत बाइनशाईबे मागा, हाडासकट पोटरीच्या चकत्या मिळतात, आतली नळी बोनस. आपल्याकडे मटणातली नळी चोखायला भांडणं होतात तीच चीज.

एक किलो मांस (हाडाचं असेल तर सव्वा-दीड किलो), मोठे तुकडे करा, लिंबाएवढे नको, छोट्या अंड्याएवढे, कारण शिजताना बरेच आकसतात. लसणाच्या दहा-बारा पाकळ्या, सोललेल्या पण न ठेचलेल्या. मिरी दोन मोठे चमचे, त्यातली अर्धी अख्खी आणि अर्धी खलबत्त्यात जाडसर कुटलेली, बारीक पावडर नको, ती कडवट होते. हो, दोन मोठे चमचेच, चुकून लिहिलेलं नाही. मीठ दीड चमचा. रेड वाईनची एक बाटली, 750 मिली, इथे कियांती घेतात, तुम्ही कुठलीही कोरडी घ्या, गोड नको.

सगळं थंडच पातेल्यात घालायचं. परतायचं नाही, तेल नाही, कांदा नाही. आपल्या हाताला हे फार जड जातं मला माहितीय, पहिल्यांदा मी पण गुपचूप कांदा टाकलेला आणि मग तो सगळा वाईनमध्ये गोड झाला आणि मिरीची धार गेली. वाईनने मांस बुडलं पाहिजे, कमी पडली तर थोडं पाणी. उकळी येईपर्यंत मध्यम आच, मग एकदम बारीक, झाकण थोडं तिरकं. उकळू द्यायचं नाही, पृष्ठभागावर एखादा बुडबुडा यावा, फुटावा, मग दुसरा यावा एवढंच. नेपल्सचे लोक ह्या आवाजासाठी एक शब्दच वापरतात, पिप्पियारे, रागू म्हणजे त्यांचा तासन् तास शिजणारा मांसाचा रस्सा पातेल्यात पिप् पिप् करतो म्हणून. आपलं रटरटणं त्याच्यापेक्षा जोरात आहे, तेवढंही नको. तीन तास, जुनं जनावर असेल तर साडेतीन-चार. ओव्हन असेल तर 150 अंशांवर झाकण घट्ट लावून ठेवा आणि बाहेर फिरून या. शेवटचा अर्धा तास झाकण काढायचं म्हणजे रस्सा आटून काळसर चकचकीत होतो.

खाली भाजलेल्या ब्रेडचा जाड तुकडा. तोस्कानाच्या ब्रेडमध्ये मीठ नसतं आणि त्या फिक्या ब्रेडवर हा झणझणीत रस्सा ओतला की तो ब्रेड असा का ते कळतं.

आमच्या घरात वाईन चालत नाही, स्वयंपाकात सुद्धा नाही. शिजल्यावर अल्कोहोल उडून जातं असं ऐकलंय, ते खरं का? नाहीतर दुसरं काय घालू? मी एकदा ग्रेप ज्यूस घालून केलं तर फारच गोड झालं, आणि बटाटे तासभर शिजवूनही कच्चेच राहिले. — शारजा

पूर्ण उडत नाही. अडीच तास शिजल्यावर सुद्धा साधारण पाच टक्के उरतं, त्यामुळे घरात चालत नसेल तर उडून जातं म्हणून स्वतःची समजूत काढू नका, सरळ वाईन नसलेला पदार्थच करा. पेपोसोमधून वाईन काढली तर तो पेपोसो राहत नाही, आणि ग्रेप ज्यूस तर नकोच नको.

तुम्ही स्पेझ्झातीनो करा. स्पेझ्झारे म्हणजे तुकडे करणं, त्यावरून हे नाव. इटलीत कुठल्याही घरात आठवड्याच्या मधल्या दिवशी होतो तो हा रस्सा. एक कांदा, एक गाजर, सेलरीचा एक दांडा, तिन्ही अगदी बारीक चिरून ऑलिव्ह ऑइलमध्ये मंद आचेवर दहा-बारा मिनिटं, लाल करायचं नाही नुसतं मऊ करायचं. ते बाजूला काढून त्याच पातेल्यात मांसाचे तुकडे मोठ्या आचेवर परता, पण एका वेळी पाच-सहाच, सगळे एकदम टाकले की पाणी सुटतं आणि मांस भाजायच्या ऐवजी उकडतं. एक बाजू तपकिरी होईपर्यंत हलवू नका. मग पातेल्याच्या बुडाला जे खरपूस चिकटलेलं असतं ते गरम पाण्याने किंवा हाडांच्या स्टॉकने सोडवून घ्यायचं, इथे लोक वाईन घालतात तुम्ही स्टॉक घाला आणि एक-दोन चमचे साधं व्हिनेगर, म्हणजे आंबटपणाची बाजू भरून निघते. मग बाजूला काढलेलं कांदा-गाजर-सेलरी परत आत, दोन-तीन चमचे टोमॅटोची प्युरी, एक तमालपत्र, दोन-अडीच तास.

आता बटाटे. ते कच्चे राहिले कारण रस्सा आंबट होता, आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही, चिंच घातल्यावर डाळ-भाजी शिजायची थांबते हे आपल्या आयांना माहितीच होतं. एकतर बटाटे शेवटच्या पाऊण तासात घाला आणि प्युरी कमीच ठेवा, किंवा सरळ वेगळे अर्धे उकडून शेवटी सोडा, मी तसंच करते. मटार घालणार असाल तर शेवटची दहा मिनिटं.

मी वसईचा, वय 71. आमच्या घरात सणाला बीफ व्हायचं. 2015 च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आता म्हशीचंच मिळतं. त्यात हे होईल का? आणि तीन तास गॅस जाळणं आम्हाला पटत नाही, कुकर चालेल का? — वसई

काका, नमस्कार. होईल, आणि छान होईल. म्हशीचं मांस जास्त गडद आणि मध्ये चरबी कमी, आणि बाजारात येतं ते बहुतेक वय झालेल्या जनावराचं, म्हणजे कोलॅजन भरपूर. खाटकाला पायाच्या पोटरीचा भाग मागा, हाड असेल तर हाडासकट. चरबी कमी असल्यामुळे थोडं तेल किंवा असल्यास डुकराच्या चरबीचा एक छोटा तुकडा घाला, इथे पण बऱ्याच रश्श्यांत घालतात.

कुकर जरूर चालेल, इथल्या बायका पण वापरतात आणि कोणी त्यांना नावं ठेवत नाही. उघड्या पातेल्यात पाणी 100 अंशांच्या वर जात नाही, कुकरमध्ये 120 च्या आसपास जातं, म्हणून तीन तासांचं काम पाऊण तासात होतं. फक्त चार गोष्टी सांभाळा. वाईन आधी उघड्या भांड्यात पाच मिनिटं उकळून घ्या, नाहीतर कुकर बंद असल्याने कच्च्या दारूचा वास आतच कोंडतो. पाणी-वाईन निम्मीच घ्या कारण कुकरमध्ये आटत नाही. एक शिट्टी झाली की गॅस बारीक करून 45 मिनिटं, म्हशीला 55 ते 60, आणि मग प्रेशर आपोआप उतरू द्या, शिट्टी उचलून वाफ सोडलीत तर आतलं पाणी एकदम भडभडून उकळतं आणि मांसाचे दोरे होतात. शेवटी झाकण काढून पंधरा मिनिटं आटवा. आणि कुकर साध्या अॅल्युमिनियमचा असेल तर त्यात वाईन किंवा टोमॅटो नको, धातूची चव उतरते, स्टीलचा घ्या.

सोबत पाव मस्त लागेल. उत्तर इटलीत असा रस्सा पोलेंतावर वाढतात, म्हणजे मक्याच्या जाडसर पिठाची घोटून केलेली उकडच ती.

फ्लोरेन्सच्या कॅथेड्रलच्या त्या मोठ्या घुमटाचं काम चालू असताना तो उभारणाऱ्या वास्तुविशारद ब्रुनेलेस्कीचे कामगार पेपोसो खायचे अशी गोष्ट एका ट्रॅव्हल व्हिडिओत ऐकली. मी शाळेत इतिहास शिकवायचो म्हणून विचारतो, खरी आहे का? — नाशिक

सर, इम्प्रुनेता गाव भाजलेल्या मातीसाठी प्रसिद्ध आहे, कौलं, विटा, मोठमोठ्या कुंड्या, ती लालसर माती त्यांच्याकडचीच. घुमटाचं काम 1420 ला सुरू झालं आणि 1436 ला पूर्ण झालं, आणि त्यासाठी इम्प्रुनेताच्या भट्ट्यांतून माल गेला असं गावातले लोक अभिमानाने सांगतात. भट्टीवरचे कामगार, त्यांना फोर्नाचीनी म्हणतात, मातीच्या भांड्यात मांस, मिरी आणि वाईन भरून भट्टीच्या तोंडाशी ठेवायचे आणि पाळी संपेपर्यंत ते शिजून तयार. हा भाग मला पूर्ण पटतो, आच फुकट, लक्ष द्यायला नको, आणि मांस सगळ्यात स्वस्त. टोमॅटो नाही हे पण जुळतं कारण तो अमेरिकेतून नंतर आला, आता काही जण घालतात पण मला तो पेपोसोत अजिबात आवडत नाही.

जो भाग पटत नाही तो मिरीचा. मांस खराब झालेलं असायचं आणि वास झाकायला मूठभर मिरी घालायचे असं सांगतात. त्या काळात मिरी आपल्या मलबार किनाऱ्यावरून निघायची, अरबी समुद्र ओलांडून अलेक्झांड्रिया, तिथून व्हेनिस, आणि मग फ्लोरेन्स. एवढ्या हातांतून आलेली वस्तू विटा भाजणाऱ्या माणसाला मुठीने परवडली असेल का? ज्याला मिरी परवडते त्याला ताजं मांस आधी परवडेल. त्यामुळे माझा अंदाज असा की भट्टीवरचा रस्सा जुना असेल, पण आज करतो तेवढी मिरी त्यात नंतर कधीतरी, मिरी स्वस्त झाल्यावर आली असेल. पण मिरी कुटताना मला दर वेळी ती मूळची केरळातली हे आठवतं एवढं खरं.

उरलेला रस्सा किती दिवस टिकतो? — बडोदा

फ्रीजमध्ये तीन दिवस. दुसऱ्या दिवशी जास्त चांगला लागतो, वर चरबीचा थर घट्ट होतो तो चमच्याने काढता येतो आणि खाली रस्सा जेलीसारखा थरथरतो. घाबरू नका, गरम केला की परत पातळ होतो. पाहुणे रविवारी येणार असतील तर शनिवारीच करून ठेवा.

ताई, मी मूळची लातूर जिल्ह्यातली. माझी आजी मोठ्याच्या मांसाच्या चान्या करून दोरीवर वाळवायची, वजडी साफ करायची, कुठलाच भाग वाया जायचा नाही. शाळेत आम्ही घरी काय खातो हे कधीच सांगितलं नाही, आणि आता रेस्टॉरंटमध्ये ऑक्सटेल म्हणून केवढ्याला विकतात. इटलीत पण गरीब माणसंच हे खायची का, की आपल्यालाच तेवढी लाज वाटायला लावली? — पुणे

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. रोममध्ये तेस्ताच्चो नावाचा भाग आहे, तिथे एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला शहराचा मोठा कत्तलखाना उभा राहिला तो 1975 ला बंद झाला, आता त्या इमारतींत कलादालनं आणि विद्यापीठाचा आर्किटेक्चर विभाग आहे. जनावराचे पुढचे दोन आणि मागचे दोन असे चार भाग पैसेवाल्यांकडे जायचे. उरलं ते शेपूट, आतडी, वजडी, काळीज, डोकं, ह्याला रोमचे लोक क्विंतो क्वार्तो म्हणतात, पाचवा भाग. चारच भाग असतात ना, मग हा पाचवा कुठला, तर ज्याला कोणी भाग मानलंच नाही तो. कत्तलखान्यात काम करणाऱ्यांना मजुरीचा काही हिस्सा असा मांसातच मिळायचा, तो ते घरी किंवा शेजारच्या खानावळीत न्यायचे आणि तिथे त्याचे पदार्थ झाले. आज ते रोमचे सगळ्यात नावाजलेले पदार्थ आहेत, आणि ज्यांनी ते केले त्यांतल्या बहुतेकांची नावं कोणाला माहीत नाहीत. इकडे फ्लोरेन्समध्ये लांप्रेदोत्तो म्हणजे गाईच्या चौथ्या पोटाची वजडी पावात घालून रस्त्यावर मिळते, सूटबूटवाले वकील दुपारी रांगेत उभे असतात, आणि तुमच्या आजीने साफ केलेली वजडी त्यापेक्षा जराही कमी नव्हती. ज्या वस्तूवरून तुम्हाला शाळेत गप्प राहावं लागलं तिच्यात लाज वाटण्यासारखं काही नव्हतं. लाज ऐकणाऱ्यांची होती.

म्हणून शेपटीचा पदार्थ तुमच्यासाठी मुद्दाम लिहितेय, कोदा आल्ला वाच्चिनारा. शेपूट सांध्यांवर कापून घ्या, सांधा सापडला की सुरी आपोआप आत जाते, हाडावर घाव घालायचा नाही. थोड्या चरबीत चांगली परता, मग बारीक कांदा-गाजर, एक ग्लास पांढरी वाईन आटवायची, वाईन नको असेल तर नुसतं पाणी, मग सोललेले टोमॅटो आणि गरम पाणी, साडेतीन-चार तास एकदम बारीक आचेवर. सेलरी भरपूर लागते, एक अख्खा गड्डा, वेगळी उकडून शेवटी घालायची. काही घरांत बेदाणे, चिलगोजे आणि चमचाभर कडू कोको पावडर पण घालतात, कोको ऐकून विचित्र वाटतं पण रश्श्याला खोल काळसर चव येते, एकदा करून बघा. मांस हाडावरून सुटून पडायला लागलं की झालं, आणि ते हातानेच खायचं, काट्याने त्या हाडांच्या खोबणीतलं निघत नाही.

आणि आता माझी मागणी. आजीची चान्यांची कृती मला पाठवा, पट्ट्या किती जाड कापायची, मीठ-हळद किती लावायची, उन्हात किती दिवस, खाताना निखाऱ्यावर भाजायची की तेलात परतायची, घरात ज्यांना आठवत असेल त्यांना विचारून लिहा, नाव द्यायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पुढच्या अंकात जागा ठेवलीय.